जोह्याच्या व्हॅनची चुकती ठिणगी

१९९६ साली पेणमध्ये गाड्या दुरुस्त करणारी माणसे दोन प्रकारची होती. एक, ज्यांच्या दुकानावर पाटी होती ती. आणि दुसरा चंदर हिलम. पाटी नव्हती याचे कारण रंगारी मिळत नव्हता असे नव्हे. ज्या तालुक्यात घराघरांत ब्रश आणि रंगाचे डबे पडलेले आहेत, तिथे चार अक्षरे रंगवून घेणे अवघड नाही. परंतु पाटीवर आडनाव लिहावे लागते, आणि कातकरवाडीचे आडनाव वाचले की गाडीची चावी देणारा हात क्षणभर थबकतो, हे चंदरने फार लवकर ओळखले होते. म्हणून तो रस्त्याकडेच्या एका चिंचेखाली, ताडपत्रीच्या आडोशाला बसे. आणि पाटीवाल्यांनी हात टेकलेल्या गाड्या, कोणी पाहत नाही अशा बेताने, त्याच्याकडे येत.

त्याचे आईबाप दिवाळी झाली की कोळशाच्या भट्ट्यांवर जात, ते थेट पावसाच्या तोंडावर परतत. त्यामुळे शाळेच्या हजेरीपटावर चंदरचे नाव चार वर्षे एकाच वर्गात राहिले, आणि त्याबद्दल शाळेला कधी वाईट वाटले नाही. चौदाव्या वर्षी तो वडखळ नाक्यावर ट्रकच्या एका मिस्त्रीकडे लागला. पहिली दोन वर्षे त्याच्या हाती पाना पडला नाही. टायर लोटणे, चाके धुणे आणि चहा आणणे, आणि स्वतःचा चहा वेगळ्या कपातून पिणे, एवढेच त्याचे शिक्षण. हाताला शिकू दिले नाही, म्हणून त्याचा कान शिकला. हातभर लांबीच्या स्क्रू ड्रायव्हरचे टोक चालू इंजिनाला आणि मूठ कानामागच्या हाडाला लावून तो डोळे मिटे, आणि आत काय चालले आहे ते सांगे. तीन सिलिंडरच्या इंजिनाला तो तिघींचे कांडप म्हणे. एका उखळात तीन बाया पाळीपाळीने मुसळ घालतात. एकीने पाळी चुकवली की बाकीच्या दोघींचे हात अडखळतात आणि सगळे उखळ हलते. वाहनशास्त्राच्या पुस्तकांत ही गोष्ट याहून स्पष्ट सांगितलेली नाही.

मात्र या कानाने त्याला एक रोग दिला होता. हाताखालच्या गाडीचा दोष सापडला नाही की त्याला बसवत नसे. तो चिंचेभोवती फेऱ्या मारी, जेवता जेवता उठे, आणि त्याची बायको जानी म्हणे, "बसा ना जरा. इंजिन गाडीत हाय का तुमच्या पोटात?"

त्या श्रावणात ते पोटातच होते.

जोह्याच्या जनू म्हात्र्याकडे गणपतीच्या मूर्तींचा कारखाना होता. कारखाना म्हणजे मोठी पत्र्याची शेड, आत फळ्यांवर ओळीने शाडूच्या मूर्ती, आणि त्यांच्यामधून वाकून फिरणाऱ्या सात-आठ बाया. मूर्ती पोहोचवायला जनूने एक जुनी पेट्रोल व्हॅन घेतली होती. तीन सिलिंडरची, पुढच्या सीटखाली इंजिन असलेली आणि आधीच्या दोन मालकांनी यथेच्छ पिळून काढलेली. आषाढात ती मिसिंग मारू लागली, म्हणजे मधूनच एखादा ठोका चुकवू लागली. पहाटे सुरू केली की अंगभर थरथरे, धक्के देई, आणि चढावर तिचा दम जाई. इतर कोणत्याही मालाला ही थरथर चालली असती. भात, मीठ, विटा यांना कापरे भरत नाही. पण शाडूची मूर्ती खड्ड्याचा धक्का पेंढ्याच्या गादीवर सोसते. तासन् तास चालणारी बारीक थरथर मात्र तिच्या उगारलेल्या हाताच्या सांध्यात शिरते, आणि तिथे केसाएवढी चीर धरते.

गाडी पेणला येईपर्यंत गरम होई आणि शहाण्यासारखी चाले. चिंचेखाली उभी राहिली की तिच्याइतकी गुणी गाडी नाही. चंदरने तरीही प्लग बदलले, पॉइंट घासून शेवटी नवे टाकले, कंडेन्सर आणि वायरी बदलल्या, कार्बोरेटर खोलून धुतला. अखेर डिस्ट्रिब्युटरची कॅप बदलली. ही कॅप म्हणजे एक काळी टोपी. कॉइलमधून आलेला करंट तिच्याखाली वाटला जातो आणि तीन जाड वायरींतून तीन प्लगांकडे जातो. जुनी टोपी काजळी आणि रंगाने माखलेली होती. नवी काळीभोर, चकचकीत. ती बसवली आणि गाडी नऊ दिवस तक्रारीवाचून चालली. चंदर नऊ दिवस पोटभर जेवला.

दहाव्या दिवशी मूर्तींची पहिली खेप रोह्याकडे निघाली. अकराव्या दिवशी सकाळी जनू चिंचेखाली उभा होता.

"चंदर! बाहेर ये रे. तुझी करामत बघ."

त्याच्या हातात फडक्यात गुंडाळलेला एक हात होता. गणपतीचा, उजवा, आशीर्वादाचा, मनगटापासून निखळलेला.

"भिसे खिंडीत गाडी अशी नाचली का मीच देवाचा धावा करत होतो. खाली बघतंय तर देवाचाच हात पेंढ्यात," जनू म्हणाला. "रोह्याशेजारच्या अष्टमी गावचा दुकानदार काय म्हनतो ठाव हाय? ज्या गाडीत देव भंगला, त्या गाडीतला एकपन देव मला नको. सगली खेप परत आनली मी. सगली!"

"जनूशेठ, गाडी ठेवून जा. बघतो."

"काय बघतो? इथं आली का ती सासूसमोरच्या सुनेसारखी गुपचूप चालते. ऐक. शुक्रवारी अष्टमीच्या मंडलाची तीन फुटी मूर्ती जायची हाय. तिला चीर पडली, तर जोह्या-हमरापुरातली एक गाडी तुझ्याकडं येनार नाय. मी सोता दारोदार फिरून सांगेन."

ही पोकळ धमकी नव्हती. मूर्तींच्या त्या दोन गावांतल्या गाड्या हाच चंदरचा सगळा धंदा होता. त्या गेल्या, की चिंचेखाली फक्त चिंच उरणार होती. आणि तो दिवस सोमवार होता.

मंगळवारी जनूने, विश्वास कुठे ठेवावा याची सुशिक्षित खातरी करून घेण्यासाठी, व्हॅन पेणच्या एका पदविकाधारक निलेशकडे नेली. या निलेशच्या भिंतीवर काचेच्या चौकटीत प्रमाणपत्र होते, आणि गाडीपेक्षा गिऱ्हाईक त्याच्याकडेच अधिक वेळ पाही. त्याने पाच मिनिटे बॉनेट शोधले, मग इंजिन सीटखाली असल्याचे आठवून सीट उचलली, आणि हेड उतरवावे लागेल, पंधरा दिवस लागतील, असा निर्णय दिला. शुक्रवारपर्यंत होईल का, यावर तो म्हणाला, "काका, हे शास्त्र आहे." जनू गाडी घेऊन परतला. शास्त्राला पंधरा दिवस लागतात आणि चंदरला तीन दिलेले आहेत, यात काही विसंगत आहे असे त्याला वाटले नाही.

बुधवारी चंदर पहाटेच्या एस.टी.ने जोह्याला गेला. गाडी आपल्याकडे येईपर्यंत शहाणी होते, तर आपणच तिच्याकडे, ती वेडी असताना, गेले पाहिजे, एवढे त्याला समजले होते. शेडच्या दारात व्हॅन उभी होती. हवा इतकी ओली की पत्र्याच्या कडेवरून थेंब ठिबकत होते. त्याने सीट उचलली, इंजिन सुरू केले, आणि सगळी गाडी हिवतापाच्या रोग्यासारखी हलू लागली.

त्याने प्लगच्या वायरी एकेक करून उपसून पाहिल्या. ज्याची वायर काढल्याने आवाजात फरक पडत नाही, तो सिलिंडर मेलेला. हा नियम त्याने पंचवीस वर्षे वापरला होता. दुसऱ्याची वायर काढली, फरक नाही. म्हणजे दुसरा मेला. त्याने प्लग काढला, पाहिला, ठीक. परत लावून पुन्हा तपासले, तर आता दुसरा जिवंत आणि तिसरा मेलेला. मग पुन्हा दुसरा. दोष जागा बदलत होता. उन्हं आली आणि तासाभरात तोही गेला. इंजिन निवांत घुमू लागले.

"झाली ना बरी?" जनू दातवण करीत म्हणाला.

"नाय शेठ. झोपली."

"मंग उठव तिला! शुक्रवारी मूर्ती तीच नेनार हाय, तू नाय."

त्या रात्री जानीने भाकरी तीनदा गरम केली. चंदर मनातल्या मनात इंजिन उतरवीत होता आणि चढवीत होता. प्लग नवे. पॉइंट नवे. वायरी बदललेल्या. कॅप नवी. "जे नवं हाय त्याच्यात खोट नसते, नाय का गो?" त्याने विचारले. जानी म्हणाली, "आपला जावई नवा होता तवाच खोटा होता." तो हसला नाही. खरे तर हसायचे नव्हते, तर त्याने निदान ऐकायला तरी हवे होते.

कारण त्याच्या तपासात एक वस्तू सुटत होती, आणि ती सुटण्याला दोन कारणे होती. पहिले कारण प्रत्येक कारागिराला लागू आहे: कॅप त्याने स्वतःच्या हाताने बसवली होती, आणि स्वतःच्या हातावर संशय घेणे माणसाला सर्वांत शेवटी सुचते. दुसरे कारण फक्त त्याला लागू होते. त्या काळ्या टोपीवर, वायरींच्या तीन खुंट्यांच्या मधोमध, कॉइलची वायर जिथे येते त्या मधल्या खुंटीभोवती, आता एक सुंदर सोनेरी स्वस्तिक होते. खेप निघण्यापूर्वी जोह्यात गाडीची पूजा होते, इंजिनाचीही. जनूची बायको हौसा हिने सीट उचलली, नवी कोरी टोपी पाहिली, आणि गणपतीच्या मुकुटाचा सोनेरी रंग घेऊन बारीक ब्रशने तिच्यावर स्वस्तिक रेखले. मूर्तींचे डोळे आणि मुकुट ही कामे ती दुसऱ्या कोणाला देत नसे. तिच्या हाताची रेषा केसभर ढळत नव्हती. स्वस्तिकाच्या भुजा नेमक्या खुंट्यांच्या बुडाशी जाऊन टेकल्या होत्या. चंदरने ते बुधवारी सीट उचलताच पाहिले होते, आणि पाहून नजर बाजूला नेली होती. दुसऱ्याच्या घरात, देवाच्या नावाने जे काढलेले आहे, त्याला हात लावायचा नसतो, हे त्याला अक्षरओळख होण्याच्या कितीतरी आधी शिकवण्यात आले होते. आपल्या समाजात हे एक शिक्षण मात्र कोणाचे अर्धवट राहत नाही.

गुरुवारी पहाटे तो पुन्हा जोह्यात होता. पाऊस भुरभुरत होता, गाडी थरथरत होती, आणि आता फक्त एक दिवस उरला होता. त्याने कॉइल तपासली, अर्थिंगची तार घासली, पेट्रोलचा पाइप फुंकला. फरक नाही. तो उठला, शेडमध्ये आला, परत गाडीकडे गेला, परत आला. हौसा पाटावर बसून मंडळाच्या तीन फुटी मूर्तीचा मुकुट रंगवीत होती. प्रत्येक फटकाऱ्यापूर्वी ती वाटीतला रंग काडीने ढवळी.

"बस रे जरा, चंदर. तुझ्या फेऱ्यांनी माझा हात हालतो," ती म्हणाली.

"वयनी, एवढं काय ढवळता सारखं?"

"ढवळावाच लागतो. पूड जड हाय, वार्निशात खाली बसते."

"कसली पूड?"

"पितळंची म्हनतात. भुकटी येते डब्यात. घाल हात, बघ."

चंदरने हात घातला नाही. तो जिथे होता तिथेच उभा राहिला. पितळ. करंटला पितळाइतकी सोपी वाट कुठली? आणि ओल्या हवेत तर ती वाट भिजलेली. मागे फेकून दिलेली जुनी टोपी त्याच्या डोळ्यांसमोर आली. काजळीखाली तिच्यावरही काहीतरी पिवळट होते, बहुधा दसऱ्याचे. नव्या टोपीवर नऊ दिवस काही नव्हते, आणि दहाव्या दिवशी पूजा झाली.

"मला एक ताडपत्री द्या," तो म्हणाला.

व्हॅनच्या उघड्या दारावरून त्याने ताडपत्री टाकली, फटी पोत्यांनी बुजवल्या, इंजिन चालू ठेवून आत डोके घातले, आणि अंधाराला डोळे सरावेपर्यंत थांबला. मग त्याला ते दिसले. स्वस्तिकाच्या भुजांवरून निळ्या रंगाचे बारीक किडे धावत होते. मधल्या खुंटीपासून निघून कधी या भुजेवर, कधी त्या. आणि प्रत्येक धावेला कुठलातरी एक सिलिंडर आपली पाळी चुकवीत होता. प्लगच्या वाट्याची ठिणगी रंगावरून पळत होती. दोष सापडला होता.

तो डोके बाहेर न काढता बराच वेळ तसाच राहिला. सापडल्याचा आनंद एवढा थोडका कधीच नव्हता. आता हे सांगायचे कसे? जनूशेठ, तुमच्या घरच्या लक्ष्मीने काढलेले स्वस्तिक हाच तुमच्या गाडीचा रोग आहे, असे? आणि ते पुसायचे कोणी? चंदर हिलमने? आजवर गाडी बिघडली म्हणून त्याला दोष मिळत होता. उद्या धर्म बिघडवला म्हणून मिळाला असता. गप्प राहावे, शुक्रवारी ऊन पडावे आणि गाडी कशीबशी खिंड चढून जावी, असाही विचार त्याच्या मनात आला. पण इंजिन त्याच्या नाकासमोर चुकत होते, आणि ते त्याला ऐकवत नव्हते.

"काय रे, आतमधी झोपलास का?" जनूने ताडपत्री उचलून डोके आत घातले. मग तो बाहेर आला आणि त्याने पायांतल्या चपला काढल्या.

"हौसा! आगो बघ! तुझा सवस्तिक पेटलाय!"

सगळ्या बाया ब्रश टाकून धावल्या. एकेकीने आत पाहिले, आणि एकेकीने बाहेर येऊन हात जोडले. गेल्याच वर्षी देशभर दगडाच्या मूर्ती दूध प्यायल्या होत्या, आणि त्यावर भल्या भल्या पदवीधरांनी रांगा लावल्या होत्या. मग जोह्याच्या बायांनी निळ्या उजेडाला हात जोडले, तर त्यांना कोणत्या तोंडाने हसावे?

"देव भंगला म्हनून रुसला व्हता, आता परगट झाला," एक म्हातारी म्हणाली.

"शेठ," चंदर म्हणाला, "तो देव नाय. करंट हाय. प्लगकडं जायचा तो रंगावरनं पळतोय. रंगात पितळ हाय. ह्यामुळंच गाडी मिसिंग मारते."

जनूचे तोंड हळूहळू लाल झाले.

"म्हंजे मूर्तीचा हात माझ्या बायकोनं तोडला? तुझी टोपी फुकट गेली, आन नाव देवाचं? पुसून बघच तू. हात लावून बघ!"

चंदरने हात मागे बांधले. त्याच्याजवळ प्रमाणपत्र नव्हते, पाटी नव्हती, आणि त्या शेडमध्ये त्याच्या बाजूने बोलणारे फक्त एक इंजिन होते, ज्याची भाषा कोणाला येत नव्हती.

हौसा सर्वांत शेवटी आत गेली. ती सर्वांहून जास्त वेळ आत राहिली. बाहेर आली तेव्हा तिचे हात जोडलेले नव्हते.

"चंदर, तो उजेड भुजेच्या टोकापातूर जातो आन खुंटीत उतरतो. बरोबर?"

"व्हय वयनी."

"जिथं माझा ब्रश संपला, तिथंच तो उतरतो. मी रेषा जरा आखूड काढली असती तर?"

"तर बी थोडा पळालाच असता. ओलाव्यात."

"मालू," तिने एका बाईला सांगितले, "टर्पेंटाइन आन."

"हौसा!" जनू ओरडला. "सवस्तिक पुसतेस? अकरा दिवसांवर गनपती आल्यात!"

"मूर्तीचा डोला चुकला तर काय करते मी? तसाच ठेवते? पुसते, आन परत काढते. देव काय माझ्यावर खटला घालतो? तुमाला येवढा पुलका असंल तर काचेवर काढते, पत्र्यावर काढते. ही जागा चुकली." आणि मग नवऱ्याकडे न पाहता, "आन हात मी तोडला असंल तर मी तोडला. त्यात चंदरचं काय?"

तिने फडके भिजवले आणि स्वतःच्या हाताने टोपी पुसली, कोपऱ्याकोपऱ्यातून, जशी ती मूर्तीच्या चेहऱ्यावरचा ओघळ पुसत असे. चंदरने टोपी कोरडी केली, वायरी बसवल्या आणि चावी फिरवली. भुरभुर तशीच होती, पत्रा तसाच ठिबकत होता. आणि इंजिन एका लयीत चालू लागले. ताडपत्रीखाली आता नुसता अंधार होता. म्हातारीने तोही पाहून घेतला आणि ती निराश झाली.

शुक्रवारी जनूने चंदरला मागे, मूर्तीजवळ बसवले. म्हणाला, "काय झालं तर तुझ्यासमोर होऊ दे." पेणपासून नागोठण्यापर्यंत चंदर तळव्याने गाडीचा पत्रा चाचपीत होता. अंबा नदी काठोकाठ तांबडी वाहत होती. भिसे खिंडीच्या चढावर जनूने दुसरा गिअर टाकला, तेव्हा दोघेही श्वास रोखून होते. गाडी मात्र श्वास न रोखता चढून गेली. रोहा आले, कुंडलिका दिसली, आणि अष्टमीत मंडळाच्या मंडपासमोर मूर्ती उतरवली. चार कार्यकर्त्यांनी बोटे फिरवून तिचा सांधान् सांधा तपासला. केसाएवढी चीर नव्हती. चंदरचा धंदा वाचला.

"देवाची कृपा," जनूने कार्यकर्त्यांना सांगितले. "इंजिनात सोता परगट झाला व्हता. आख्ख्या जोह्यानं बघितला." मग चंदरकडे वळून, पुष्कळ मोठ्या मनाने, "ह्यो बी व्हता."

ही कथा एस.टी.हून लवकर पसरली. दसऱ्यापर्यंत हमरापूर-जोह्यातल्या पाच गाड्या चंदरच्या आडोशाला आल्या, आणि पाचही मिसिंग मारत होत्या. पाचांच्याही टोप्यांवर सोनेरी स्वस्तिके होती. हौसाने नकार दिला होता, म्हणून ज्याने त्याने दुसऱ्या कोणाकडून काढून घेतली होती.

"आमच्यात बी उजेड पडाया पायजे," गाडीवाले म्हणत.

"उजेड पडंल तर गाडी चालायची नाय."

"ते तू बघ. तू मिसिंग काढ. सवस्तिकाला हात लावू नको."

पहिल्या गाडीपाशी चंदर अर्धा दिवस फेऱ्या घालत राहिला. मग त्याने रंगवलेली टोपी काढली, नवी कोरी बसवली, आणि जुनी टोपी वर्तमानपत्रात गुंडाळून मालकाच्या हाती दिली. "देवाची वस्तू हाय, तेलाच्या घाणीत कशाला? देव्हाऱ्यात ठेवा." ते मालकाला एकदम पटले. बाकीच्या चौघांनाही पटले. आज त्या गावांतल्या पाच घरांत देवांच्या शेजारी एकेक काळी टोपी आहे आणि तिला रोज फूल वाहिले जाते.

चंदर गाडी पोहोचवायला जातो तेव्हा त्या घरांतून आरतीची घंटा ऐकू येते. त्याला आत बोलावण्याचे कोणाला सुचत नाही. चावी अंगणातच घेतली जाते. तोही दाराकडे पाहत तिष्ठत नाही. इंजिन चालू ठेवून तो त्याच्यावर वाकतो, आणि घंटा थांबेपर्यंत इंजिनच ऐकत राहतो.